झालं, उठा

ही गोष्ट खरी आहे. जिच्यातून जो गेला तो माझा सख्खा थोरला भाऊ. थापा मारणं त्याच्या रक्तातच नाही. त्याला धड विनोदसुद्धा सांगता येत नाही, अर्ध्यातच स्वतः हसून मोकळा होतो.

तरी विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा.

फक्त कधी दादाच्या घरी गेलात, तर निघताना "चला, झालं, उठा आता" असं म्हणू नका. नुसतं उठायचं आणि यायचं.

का, ते सांगतो.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. थंडीच्या दिवसांतला शनिवार होता आणि दुपार कलायला लागली होती. जागा म्हणाल तर बाजारातली एक जुनी इमारत. तळमजल्यावर दादाचं फोटोफ्रेमचं दुकान, त्याच्या शेजारी शिंपीकाका, आणि सगळ्यात वर, दोन मजले लाकडी जिना चढून गेलं की, एक लांबलचक खोली. तिथं वहिनी चित्रकला आणि डिझाईनचे वर्ग घ्यायची.

वर्गाला मोठी मुलं होती. नववी, दहावी, पुढची. बऱ्याच जणांना डिझाईनच्या कॉलेजला जायचं होतं. आईबापांना ते पटलेलं नसायचं. वहिनी पोरांना शिकवायची त्याच्या दुप्पट त्यांच्या आईबापांना समजावत बसायची.

ती खोली तिला आयतीच मिळाली होती. पूर्वी कुणी एक मास्तर तिथं चित्रकलाच शिकवायचे. मग बरीच वर्षं कुलूप होतं. सामान तसंच पडून. ड्रॉइंग बोर्ड, स्टँड, स्टुलं.

आणि मधोमध एक खुर्ची.

वेताची बैठक, दोन लाकडी हात, पाठीला उभ्या पट्ट्या. जड आणि जुनी.

खुर्चीच्या चारही पायांभोवती फरशीवर खडूच्या खुणा होत्या. त्यात काही विशेष नाही, चित्रकलेच्या वर्गात अशा खुणा करतातच. समोर बसवलेलं माणूस मध्येच पाय मोकळे करायला उठलं, तर परत नेमकं तिथंच, तसंच बसवता यावं म्हणून. खुर्चीच्या पायांना खूण, माणसाच्या पावलांना खूण.

वहिनीनं पहिल्याच दिवशी फरशी घासून काढली.

दुसऱ्या दिवशी खुणा होत्या.

"जुनी फरशी आहे, खडू पिऊन बसलीय," वहिनी म्हणाली, आणि कामाला लागली. ती अशीच होती. भुताखेतांना तिच्याकडे वेळ नव्हता.

एका शनिवारी तिनं मुलांना नवीन धडा दिला. मुलं खुर्चीभोवती गोल करून बसली होती.

"आज खुर्ची काढायची नाही," वहिनी म्हणाली.

"मग काय काढायचं, बाई?"

"खुर्चीतली रिकामी जागा. पट्ट्यांमधल्या फटी, हातांखालच्या खिडक्या, पायांमधले चौकोन. नुसत्या फटी काढा. नीट काढल्यात तर खुर्ची आपोआप दिसेल. रिकामी जागा रिकामी नसते, पोरांनो. तिलाही आकार असतो."

वर्गातला सगळ्यात उंच मुलगा, लंबू, पुटपुटला, "बाबांना सांगतो, आज काहीच नाही ते काढायला शिकलो."

सगळे हसले. मग पेन्सिली चालू झाल्या.

तास संपला तेव्हा वहिनी एकेक कागद बघत गेली आणि तिचा पारा चढत गेला.

"डोळे घरी ठेवून आलात का रे सगळे? पाठीच्या मधल्या फटी कुठायत? आणि हातांखालच्या? खालचं पायांमधलं अर्धंच काढलंय. तू पण? आणि तू पण?"

मग चिमणी म्हणाली. ती वर्गात सगळ्यात लहानखुरी होती, आणि हाताने सगळ्यांत चांगली.

"बाई, तिथं रिकामं नव्हतं."

"म्हणजे?"

"दिसत नव्हतं पलीकडचं. मी दोनदा बघितलं."

वहिनीला वाटलं, एकमेकांचं बघून काढलंय. उद्या त्यांची त्यांनाच चूक दिसू दे, म्हणून तिनं सगळे कागद भिंतीवर टाचले. मुलं जशी गोलात बसली होती त्याच क्रमानं.

थोड्या वेळानं दादा काही फ्रेमा घेऊन वर आला. त्याला धड्याचं काही माहीत नव्हतं. फ्रेमा टेकवल्या, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाला, "छान काढलीय की पोरांनी. कोण आहेत या बाई?"

"कोणत्या बाई?"

"या काय. खुर्चीत बसलेल्या."

वहिनी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

कुणीच बाई काढली नव्हती. सगळ्यांनी फटी काढल्या होत्या. पण जिथं फटी काढल्या नव्हत्या...

...तिथं एक माणूस बसलं होतं.

समोरून, बाजूनं, मागून. प्रत्येक कागदावर आपापल्या कोनातून. खांदे जरासे पुढे. हात खुर्चीच्या हातांवर. मान ताठ.

कुणीतरी सांगितल्याशिवाय हलणार नाही, असं बसलेलं.

वहिनीनं कागद काढून गुंडाळले. म्हणाली, "सावली पडली असेल."

भर दुपारी, खुर्चीच्या सगळ्या बाजूंनी सावली.

पण पोरं गप्प बसतात होय? आठवड्याभरात गोष्ट घराघरांत गेली. दोन मुलं यायची बंद झाली. चिमणीच्या बाबांचा निरोप आला, मुलीला चित्रं काढायला पाठवलंय, भुतं नाही. प्रवेशपरीक्षा तोंडावर आलेली. चिमणी सुटली तर बाकीचीही सुटणार, हे वहिनीला कळत होतं.

"अहो, या शनिवारी तुम्ही बसा," ती दादाला म्हणाली.

"कुठं?"

"खुर्चीत. बसलेलं माणूस कसं दिसतं, ते बघू दे त्यांना एकदा. डोक्यातलं खूळ जाईल."

"माझं तोंड बघून भूत पळेल म्हणतेस?"

"पळालं तर बरंच आहे. फुकटचा मॉडेल मिळाला."

म्हणून त्या शनिवारी दादानं दुकानाचं शटर ओढलं आणि वर जाऊन बसला.

वहिनीनं त्याच्या बुटांभोवती खडूनं खुणा केल्या. म्हणाली, "मी 'झालं' म्हणेपर्यंत हलायचं नाही. नाक खाजलं तरी."

मुलं काढायला लागली.

दादा सांगतो, सुरुवातीला काहीच नव्हतं. पाठ जरा अवघडली, पायाला मुंग्या आल्या.

मग मुंग्या गेल्या.

पायच गेल्यासारखे वाटले.

बैठक गार होती, आणि एवढा वेळ बसूनही ती गरम होत नव्हती. उलट त्याच्याच मांड्या गार पडत चालल्या होत्या. हात खुर्चीच्या हातांवर होते. त्याला वाटलं, आपल्या हातांखाली लाकूड नाही.

हातच आहेत.

पण समोर पोरं बसलेली. लंबू दात काढत होता. बोलायचं काय?

तास संपला. मुलांनी कागद वहिनीकडे दिले. दादानं वहिनीकडे बघितलं. 'झालं' म्हणेल आता.

वहिनी मुलांच्या मागे दाराकडे निघालीच होती. जाता जाता म्हणाली, "अहो, बसा तसेच. यांना खाली सोडून येते, मग मी पण एक स्केच करते तुमचं. हलू नका हं. आलेच."

पावलं जिन्यावरून उतरली. खोली शांत झाली.

आणि दादाच्या खाली वेत करकरला.

तो हलला नव्हता.

त्यानं उठायचं ठरवलं. नुसतं ठरवलं. अंग हललंच नाही. मान वळेना. ओरडायला गेला तर आवाज घशातच राहिला, कोरड्या पंपासारखा.

खालून चिमणीच्या बाबांचा आवाज येत होता. "डिझाईन करून पोट भरतं का, बाई?" मग वहिनीचा आवाज. मग परत त्यांचा. ते संपेचना.

खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत वर गेलं.

जिन्यावर पावलं वाजली... आणि दादाच्या कानाजवळ कुणीतरी श्वास रोखला.

पावलं मधल्या मजल्यावर थांबली. दुसराच कुणी होता. एक दार उघडलं, लागलं.

कानाजवळचा श्वास हळूच सुटला.

दादाला तेव्हा भीती वाटली नाही म्हणे. वाईट वाटलं. जे कोण होतं ते जिन्याकडे कान लावून बसलं होतं. प्रत्येक पावलाला त्याला वाटत होतं, आला.

पुन्हा पावलं. पुन्हा श्वास थांबला. पुन्हा दुसराच कुणी.

असं किती वेळा झालं कोण जाणे. मग दादाच्या लक्षात आलं की आता तोही प्रत्येक पावलाला श्वास रोखतोय. आणि तो वहिनीची वाट बघत नाहीये.

त्याच्या मनात येत होतं, 'येईल. आलोच म्हणालाय. येईल तो.'

तो?

आणि मग, त्याच्याच मनात, त्याच्याच आवाजात...

'कधीची बसलेय मी.'

दादा म्हणतो, "धाकट्या, तेव्हा माझी गाळण उडाली. मी बसलोय. बसलेय कुठून आलं?"

त्यानं स्वतःचं नाव मनात घोकायला सुरुवात केली. आपलं दुकान आठवलं. काच कापायची हिऱ्याची पेन्सिल आठवली. काच कापताना येतो तो आवाज आठवला. त्याला धरून बसला. सोडलं तर आपण वाहून जाऊ, असं वाटत होतं.

आणि वहिनीची पावलं वाजली.

ती त्याला कुठूनही ओळखता आली असती. उजवा पाय जरा जोरात पडायचा तिचा.

वहिनी दारात आली. खोलीत अंधारून आलं होतं. तिनं दिवा लावला नाही. दारातूनच बघितलं.

सरळ दादाकडे.

दादानं जीव एकवटून तिच्याकडे बघितलं. पापणी तरी हलावी म्हणून धडपडला.

"गेले वाटतं घरी," वहिनी स्वतःशीच म्हणाली. "थांबा म्हटलं तर थांबतील तेव्हा ना."

तिनं दार ओढून घेतलं.

कडी लागली. कुलूप लागलं. किल्ली फिरल्याचा आवाज आला.

उजवा पाय जोरात, डावा हलका, अशी तिची पावलं जिना उतरून गेली.

आता खोलीत खिडकीचा राखाडी चौकोन तेवढा होता. आणि शेजारचा श्वास. तो आता शांत होता. सोबत मिळाल्यासारखा.

पुढचं वहिनीनं सांगितलेलं.

ती घरी पोचली. घराला कुलूप. दादा आलेला नाही. तिनं खालून दुकान बघितलं होतं, शटर ओढलेलं होतं. मग गेला कुठं? म्हटलं येईल. पिशवी उघडली, मुलांचे कागद काढले आणि बघायला बसली.

चित्रं चांगली आली होती. दादाचं पोट पोरांनी जरा जास्तच मनापासून काढलं होतं. ती हसली. मग शिक्षकाच्या सवयीनं तिनं फटी तपासल्या. पाठीच्या मधल्या फटी बंद. हातांखालच्या बंद. बरोबरच होतं, दादा बसलेला होता.

आणि तिच्या हातातला कागद तिथंच राहिला.

मघाशी दारातून तिनं खुर्ची बघितली होती. खुर्चीच्या मागे खिडकी. खिडकीत उरलेला उजेड. रिकाम्या खुर्चीच्या पट्ट्यांमधून तो उजेड दिसायला हवा होता. उभ्या, पांढऱ्या रेघा.

खुर्ची रिकामी होती...

पण फटी नव्हत्या.

वहिनी चप्पल न घालता पळाली.

कुलूप उघडेना. शेवटी उघडलं, तिनं चाचपडत दिवा लावला.

दादा खुर्चीत बसला होता. डोळे उघडे. गालांवरून पाणी ओघळून शर्टाची कॉलर भिजलेली.

"अहो," वहिनी म्हणाली. मग ती मुलांसमोर म्हणायची, तसंच म्हणाली.

"झालं. उठा."

दादा उठला. एकदम, दोरी तुटल्यासारखा. वेत करकरला.

तो तिच्यापर्यंत पोचला, तिचा हात धरला.

आणि मागे...

वेत पुन्हा करकरला.

खुर्चीजवळ कुणी नव्हतं. वहिनी दारात उभी होती. ती पटकन बाजूला झाली, जिन्यात कुणी वर-खाली करताना आपण अंग चोरतो ना, तशी. का झाली, ते तिला कधीच सांगता आलं नाही. तिच्या पदराजवळून काहीतरी गार गेलं.

मग जिन्यावर पावलं वाजली. हलकी. अनवाणी. आधी हळू, मग भराभर. खाली, रस्त्याकडे.

दोघांनी खाली वाकून फरशी बघितली. दादाच्या बुटांच्या खुणा होत्या, वहिनीनं केलेल्या.

त्यांच्या आत दोन लहान पावलांच्या खुणा होत्या.

दुसऱ्या दिवशी दादानं शिंपीकाकांना धरलं. काका आधी ताकास तूर लागू देईनात. मग सुई टोचून ठेवली आणि म्हणाले, "तुला जागा घेतानाच सांगणार होतो. पण तुझी बायको ऐकणाऱ्यातली वाटली नाही."

मास्तरांची बायको त्यांच्या वर्गात मॉडेल म्हणून बसायची. गरीब स्वभाव. मास्तर 'झालं, ऊठ' म्हणेपर्यंत हलायची नाही. पोरं माशी सोडून बघायची, तरी नाही. एकदा वर्ग संपल्यावर मास्तर तिचं चित्र काढत होते. कोळसा संपला. "हलू नकोस, आलोच," म्हणून खाली आले. रस्ता ओलांडताना गाडीनं उडवलं.

"सगळी धावपळ तिकडेच. वर कुणी बसलंय, हे कुणाच्या ध्यानातच नाही. दुसऱ्या दिवशी तिला सांगायला वर गेलो. बसलेली होती. मी हाका मारल्या. मला वाटलं, नवऱ्यानं सांगितलंय म्हणून उठत नाही."

काकांनी सुई परत उचलली.

"उठलीच नाही ती."

दादानं हे घरी येऊन सांगितलं. वहिनीनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "अहो, मी तुम्हाला 'उठा' म्हणाले."

"मग?"

"एकट्याला अहोजाहो केलं तरी 'उठा'च. आणि दोघांना म्हटलं तरी 'उठा'च."

दादा म्हणतो, त्याच्या अंगावर काटा आला. पण वहिनीचा चेहरा वेगळाच होता. कुणाचं तरी अडलेलं काम हातून झाल्यासारखा.

पुढच्या शनिवारी तिनं पोरांना तोच धडा परत दिला. या वेळी सगळ्या फटी आल्या. स्वच्छ, मोकळ्या. चिमणीच्या बाबांना तिनं स्वतः बोलावून ते कागद दाखवले. ते म्हणाले, "हे काय, नुसती भोकं आहेत." पण मुलीला राहू दिलं.

खडूच्या खुणा एकदा पुसल्या त्या परत आल्या नाहीत.

वर्ग बरीच वर्षं चालला. चिमणीला डिझाईनच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. लंबू फर्निचर बनवायला लागला. गोष्ट इथं संपली असती तर मी सांगितलीच नसती.

मग वहिनी आजारी पडली. वर्गाचा उंच जिना चढवेना. वर्ग बंद केला. सामान वाटून टाकलं. ती खुर्ची मात्र घरी, पहिल्या मजल्यावर आणली.

"तीच कशाला?" दादानं विचारलं.

"बसायला बरी आहे. आणि त्यात तिचा काय दोष?"

खिडकीशी ठेवली. वहिनी दिवसभर त्यात बसायची. दुखणं वाढत गेलं तसं बोलणं कमी झालं. दादा दुकान अर्धा वेळ उघडायचा आणि उरलेला वेळ तिच्यासमोर स्टुलावर बसायचा. दोघं काही बोलायची नाहीत. मी जायचो तेव्हा मलाच त्यांच्यामध्ये आल्यासारखं वाटायचं.

एका सकाळी औषध संपलं होतं. दादा चप्पल घालता घालता म्हणाला, "बस. आलोच."

औषधाचं दुकान कोपऱ्यावरच आहे. तो आला तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मान ताठ. हात खुर्चीच्या हातांवर.

पुढं जे व्हायचं ते सगळं झालं. लोक आले, गेले. मी काही दिवस दादाकडे राहिलो. तो वेळेवर जेवायचा, वेळेवर झोपायचा. मला वाटलं, सावरतोय.

मग चिमणी भेटायला आली. आता चांगली मोठी झालेली, नोकरीला असलेली. तिला बाईंची आठवण म्हणून त्या खुर्चीचं चित्र हवं होतं.

"बाईंनी शिकवलं तसंच काढते, काका. नुसत्या फटी."

ती काढायला बसली. पेन्सिल चालत होती.

मग थांबली.

पुन्हा खुर्चीकडे बघितलं. पुन्हा कागदाकडे. तिनं पेन्सिल खाली ठेवली.

दादानं कागद घेतला. बघितला. घडी करून खिशात ठेवला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "जिन्यावर कुणी आलं की वेत वाजतो."

त्या दिवसापासून दादानं सगळ्यांना सांगून ठेवलंय. या घरात 'उठा' म्हणायचं नाही. 'ऊठ' पण नाही.

आणि तो बाहेर जात नाही. दुकान बंद आहे. सामान शेजारी आणून देतात. मी विचारलं, तर म्हणाला, "बाहेर जायचं तर 'आलोच' म्हणावं लागतं. मला नाही म्हणवत आता."

मागच्या महिन्यात मी गेलो होतो. जिना चढताना वरून आवाज आला... वेताचा. मी थांबलो. तोही थांबला.

दादा स्टुलावर बसला होता, खुर्चीच्या समोर. हडकलेला. दाढी वाढलेली. संध्याकाळ झाली होती आणि त्यानं दिवा लावला नव्हता. खुर्चीमागे खिडकी होती, खिडकीत उजेड होता. मी फटींकडे बघायचं नाही असं ठरवून आलो होतो.

बघितलंच.

"दादा," मी म्हणालो, "एवढा एक शब्द म्हण. सोड तिला. वहिनीनं कळल्यावर तुला एक क्षण बसू दिलं नव्हतं. चप्पल न घालता पळत आली होती."

"माहीत आहे."

"मग?"

"रोज सकाळी ठरवतो. आज म्हणायचं. मग वाटतं, आज नको." तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. "'ऊठ' म्हटलं की ती जाईल. चांगलंच आहे तिच्यासाठी. पण मग मी इथं कुणासमोर बसू?"

मी त्याच्याजवळ खाली बसलो.

मग तो म्हणाला, "धाकट्या, तू म्हण."

"मी?"

"हो. माझ्यानं होत नाही. तू म्हण आणि सोडव." त्यानं माझ्याकडे बघितलं. लहानपणी झाडावरून उतरता येईना तेव्हा मी त्याच्याकडे बघायचो, तसं. "पण 'ऊठ' नको म्हणूस."

मी खुर्चीकडे बघितलं.

"'उठा' म्हण."

कळलं मला तो काय मागतोय ते. खोलीत कुणीतरी श्वास रोखला होता. दादानं की मी, की...

मी म्हणालो नाही. नुसता उठलो. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा गार होता. आणि जिना उतरून आलो.

आता रोज संध्याकाळी फोन करतो. तो उचलतो. मी विचारतो, "काय करतोयस?" तो म्हणतो, "काही नाही. बसलोय." मग मला रात्री झोप येते.

काल पण केला. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

"दादा? काय करतोयस?"

"काही नाही," तो म्हणाला. दादाच म्हणाला. आवाज त्याचाच होता.

"बसलेय."

माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल. फोनवर बसलोय आणि बसलेय यात फरक तो काय. मघाशी पुन्हा लावला, तो नुसता वाजत राहिला. आता निघतोय त्याच्याकडे. रस्ताभर ठरवायचंय, दारात गेल्यावर काय म्हणायचं.